धरणाखालचे ट्राउट

ऑनसाइटला असताना टीममधला एकजण दर सोमवारी ट्राउट मासेमारीचे फोटो दाखवायचा. युटामधली ग्रीन नदी, फ्लेमिंग गॉर्ज धरणाच्या खाली. तळ दिसेल इतकं नितळ पाणी. "निसर्ग असावा तर असा!" म्हणायचा. मी मान डोलवायचो. मग एका वीकेंडला या नदीचा इतिहास वाचायला बसलो आणि उडालोच.

मुळात ही नदी गढूळ. उन्हाळ्यात कोमट, बर्फ वितळलं की पूर. तिचे मूळ मासेही तशाच पाण्याला सरावलेले: १.८ मीटरपर्यंत वाढू शकणारा कोलोरॅडो पाइकमिनो, पाठीवर कुबड असलेला हंपबॅक चब, बोनीटेल, रेझरबॅक सकर. गळ टाकणाऱ्या शौकिनांच्या लेखी हे सगळे फालतू मासे.

तर झालं असं, की धरणाची दारं बंद व्हायच्या तोंडावर, सप्टेंबर १९६२ मध्ये, सरकारी मत्स्यखात्यांनी ग्रीन आणि तिच्या उपनद्यांच्या सुमारे ७०० किलोमीटर पात्रात रोटेनोन हे विष सोडलं. का? तर नव्या जलाशयात ट्राउट सोडायचे होते, त्यांना स्पर्धा नको! कार्ल हब्स, रॉबर्ट मिलर यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांचा विरोध होता. विष मारायला खालच्या बाजूला पोटॅशियम परमँगनेट टाकलं (आपल्याकडे विहिरीत टाकतात तेच). ते पुरलं नाही, आणि विष डायनोसोर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत पोचलं. आम्ही जुना डेटा कचरा म्हणून उडवतो तेव्हा निदान बॅकअप तरी घेतो.

पण खरा घाव पुढेच होता. विष ओसरल्यावर काही मूळ मासे परत आले होते. त्यांना धरणाखालून हाकललं ते थंड पाण्याने. ४ अंशाचं पाणी सर्वात जड, हे आपण शाळेत शिकलोय. ते तळाशी जातं, आणि टर्बाइनला पाणी खोलातूनच यायचं. गाळ जलाशयात बसतो, म्हणून बाहेर येतं ते नितळ आणि भर उन्हाळ्यातही गारठलेलं. पुढे तर ट्राउटचीही वाढ खुंटली! मग १९७८ मध्ये वरच्या थरातलं पाणी घेता येईल अशी दारं बसवली.

दरम्यान १९६७ मध्येच पाइकमिनो आणि हंपबॅक चब धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेले होते. २००६ मध्ये तर धरणाचा विसर्गच या मूळ माशांची गरज बघून ठरवायचा निर्णय झाला. ज्यांना मारायला विष ओतलं, त्यांच्यासाठी!

सहकाऱ्याला हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण ट्राउट मस्त मिळतात रे तिथे."

तेही खरंच आहे.