आरमारांतील नोकरी : १९४६ चा धडा



मुलास आरमारांत धाडावें काय, असें पालक शिक्षकांस विचारीत असतात. याचें उत्तर केवळ पगाराच्या आंकड्यांत नाहीं. तें इतिहासांतहि शोधावें लागतें.

दुसऱ्या महायुद्धांत हिंदी आरमाराची भरती झपाट्यानें वाढली. तरुणांस बिनतारी संदेश, तोफा व यंत्रें यांचें शिक्षण मिळे. दूरदूरचीं बंदरें दिसत. हा लाभ खोटा नव्हता. परंतु गोऱ्या खलाशांहून पगार कमी, अन्न निकृष्ट, आणि वरिष्ठांच्या तोंडीं शिव्या! युद्ध संपतांच पुष्कळांपुढें बेकारीहि उभी राहिली.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईच्या 'तलवार' या संदेश-शिक्षणकेंद्रांतील खलाशांनीं अन्न व काम दोन्ही नाकारलीं. पाहतां पाहतां ७८ जहाजें व किनाऱ्यावरील २० ठाणीं यांतील सुमारें २०,००० खलाशी संपांत उतरले. सरदार पटेलांच्या सल्ल्यानें २३ तारखेस त्यांनीं शरणागती पत्करली. कित्येक बडतर्फ झाले; स्वातंत्र्यानंतरहि त्यांस आरमारांत परत घेतलें नाहीं.

तात्पर्य, समुद्र विद्या देतो; पण मान राखणें हें धन्याच्या हातीं असतें. आज धनी आपलाच आहे. तरीहि २०२२ च्या अग्निपथ योजनेनें खलाशाची पहिली नेमणूक चारच वर्षांची ठरविली. म्हणून पालकांनीं दोन गोष्टी अवश्य विचाराव्या : मुलगा परतेल तेव्हां त्याच्या हातीं कोणतें कसब असेल, आणि त्याची गाऱ्हाणीं ऐकणारा तेथें कोणी असेल काय? या दोहोंचीं उत्तरें समाधानकारक असतील, तर त्यास खुशाल धाडावें.