दूरध्वनीवरील स्मृतिभ्रंश-चाळणी

वृद्ध व्यक्तीची स्मरणशक्ती, स्थळकाळाचे भान, भाषा आणि आकडेमोड यांची फोनवरून ठरावीक प्रश्न विचारून केलेली प्राथमिक पारख. तीत गुण कमी पडले म्हणजे स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झाला असे ठरत नाही. पुढची तपासणी हवी, एवढेच ठरते. प्रस्तुत नोंदीत वायव्य लंडनच्या बार्नेट बरोमधील एजवेअर आणि आसपासच्या मराठी वृद्धांचा विचार मुख्यतः केला आहे.

या पद्धतीतील सर्वांत परिचित चाचणी ‘टिक्स’ या आद्याक्षरनावाने ओळखली जाते. जेसन ब्रँट, मिरियम स्पेन्सर आणि मार्शल फोल्स्टाइन यांनी ती १९८८ साली प्रसिद्ध केली. फोल्स्टाइन हे १९७५ पासून जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘मिनी मेंटल’ चाचणीचेही एक कर्ते. त्या चाचणीत आकृती काढावी लागते, कागद घडी घालावा लागतो; फोनवर हे जमणारे नव्हते. म्हणून टिक्समध्ये मुख्यतः कानाने ऐकून तोंडाने सांगता येतील असे प्रश्न घेतले : नाव, तारीख, २० पासून १ पर्यंत उलटे आकडे, दहा शब्द ऐकून लगेच सांगणे, १०० मधून ७ वजा करत जाणे. एकूण गुण ४१. शंभर अल्झायमर रुग्ण आणि तेहतीस निरोगी व्यक्ती यांच्यावर झालेल्या मूळ अभ्यासात ९४ टक्के रुग्ण बरोबर ओळखले गेले आणि एकाही निरोगी व्यक्तीवर चुकीचा शिक्का बसला नाही. हा आकडा जपून वाचावा. ठळक आजार आणि ठणठणीत प्रकृती यांतला फरक कोणत्याही चाचणीला सोपा असतो. कस लागतो तो नुकत्याच विसरू लागलेल्या माणसापाशी. १९९३ च्या सुधारित टिक्समध्ये तेच शब्द काही वेळाने पुन्हा विचारले जातात, कारण सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये आधी ढळते ती हीच उशिराची आठवण. ३० गुणांच्या ‘मोका’ चाचणीतून चित्रे आणि घड्याळ वगळून २२ गुणांची फोन-आवृत्तीही निघाली. कोविडच्या काळात स्मृती-चिकित्सालये बंद पडली तेव्हा या सगळ्यांचा वापर एकाएकी वाढला. मात्र त्यांच्या अचूकतेचा पुरावा अजून तोकडाच असल्याचे २०२२ च्या कॉक्रन आढाव्यात दिसते.

कोणतीही तक्रार नसलेल्या सर्व वृद्धांची सरसकट चाळणी करावी, अशी शिफारस ब्रिटनची राष्ट्रीय चाळणी समिती करत नाही. प्रत्यक्षात कुटुंबाला शंका आली की जीपीला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना, सांगायचे. ते छोटी चाचणी घेतात, रक्त तपासतात (थायरॉइड, बी-१२ यांच्या बिघाडानेही विसराळूपणा येतो) आणि मग स्मृती-चिकित्सालयाकडे पाठवतात. जीपींच्या वापरातली सहा प्रश्नांची चाचणी पूर्णपणे तोंडी असल्याने फोनवरही घेता येते. तिच्यात ‘जॉन स्मिथ, ४२ हाय स्ट्रीट, बेडफर्ड’ असा पत्ता लक्षात ठेवायचा असतो. मुलाकडे राहायला पासष्टीनंतर सांगलीहून आलेल्या आजींना हा पत्ता म्हणजे पाच अनोळखी ध्वनी. सदाशिव पेठेतला पत्ता दिला तर त्याच आजी दाराचा क्रमांकही सांगतील. इतर काही चाचण्यांतल्या ‘पंतप्रधान कोण’ या प्रश्नाला दिवसभर मराठी बातम्या पाहणारे आजोबा दिल्लीचे नाव सांगतात. उत्तर चुकीचे धरायचे की प्रश्न? तारखेऐवजी तिथी सांगणारेही असतात, आणि ती बरोबर असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा चाचणीसंच २०२० साली हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत प्रमाणित होऊन प्रसिद्ध झाला. त्या पाचांत मराठी नव्हती. त्यामुळे परीक्षक प्रश्नाचे जागच्या जागी भाषांतर करतो, आणि दहा शब्दांच्या यादीत सोपा शब्द अवघड झाला की गुणांचा अर्थ बदलतो.

फोन स्वतःच एक अडथळा आहे. जुन्या दूरध्वनीवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ध्वनिपट्टा जातो. ‘स’, ‘श’ यांसारख्या व्यंजनांचा बराच भाग या पट्ट्याच्या वर असतो. म्हातारपणी ऐकू येईनासे होते तेही आधी याच वरच्या पट्टीत. तेव्हा शब्द विसरला की मुळात ऐकूच आला नाही, हे पलीकडच्याला कळत नाही. समोर कॅलेंडर टांगलेले असेल, नातू हळूच तारीख सांगत असेल, हेही दिसत नाही. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत दुभाष्याचे काम नातेवाइकांनी करू नये असा संकेत आहे, त्याचे एक कारण हेच.

याहून भरवशाचा, पण कमी चर्चिला जाणारा मार्ग म्हणजे घरच्या माणसाला फोन करणे. २००५ साली सेंट लुइसमध्ये तयार झालेल्या ‘एडी-८’ या प्रश्नावलीत आठ प्रश्न आहेत : तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात का, पैशांचे व्यवहार जड जातात का, नवे उपकरण वापरायला शिकता येते का, अशा स्वरूपाचे. दोन किंवा अधिक बदल आढळले तर पुढची तपासणी करावी. येथे माणसाची तुलना त्याच्याच पूर्वीच्या वागण्याशी होत असल्याने शिक्षण आणि भाषा यांचा अडसर कमी राहतो. मराठी घरांत सुनेची साक्ष यासाठी मोलाची, कारण गॅस चालू राहिला, औषधाची गोळी दोनदा घेतली, हे तिलाच आधी दिसते. मात्र ‘वय झालंय, चालायचंच’ हे उत्तरही याच घरांतून येते. ब्रिटनमधील अल्पसंख्य समाजांतले रुग्ण निदानासाठी उशिरा पोचतात, असे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील नाहीद मुकादम आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या आढाव्यात नोंदलेले आहे. लाज आणि माहितीचा अभाव यांच्या जोडीला वाहन परवान्याची धास्ती असते. निदान झाल्यास ते परवाना कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे. चाळणीतले कमी गुण कळवावे लागत नाहीत.

उलट दिशेची चाळणी अनौपचारिक असते : एजवेअरमधला मुलगा आणि पुण्यातली आई यांचा रविवारचा फोन. त्यावर विसंबू नये. ‘जेवलास का, थंडी किती’ हे संवाद सवयीने चालतात आणि आजार बराच पुढे जाईपर्यंत शाबूत राहतात. काल कोण आले होते, काय बोलणे झाले, असे ताज्या घटनेचे विचारले तर तफावत लवकर कळते. उत्तर खरे की रचलेले, हे मात्र पुण्यातल्या शेजाऱ्यालाच विचारावे लागते.