घंटा तीच, वाट निराळी

दूरध्वनीचा इतिहास सांगताना शोधकांची नावे येतात, कंपन्यांची येतात, सरकारी खात्यांची येतात. पण घंटा वाजली की गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची दखल त्यात कोणी घेत नाही. आमच्या पालघर-बोईसरकडे मात्र हा इतिहास त्याच माणसाच्या बाजूने पाहावा लागतो. मुले शिकली, मुंबईला गेली, तेथून आखातात नि अमेरिकेत गेली. मागे आईबाप राहिले आणि ओटीवरचा फोन राहिला.

मुंबईत टेलिफोन आला तो २८ जानेवारी १८८२ रोजी, म्हणजे ग्रॅहॅम बेलच्या शोधानंतर अवघ्या सहा वर्षांनी. पुढे १८८५ चा टेलिग्राफ कायदा झाला आणि तारेवरून निरोप नेण्याचा हक्क सरकारने आपल्याकडे ठेवला. परवाना दिला तर दुसऱ्याने न्यावा, एरवी नाही. हे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे. सव्वाशे वर्षांनंतरही ते आमच्या ओटीवर येऊन बसणार होते.

१९८६ साली मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांपुरते महानगर टेलिफोन निगम निघाले. त्याची हद्द ठाण्यापर्यंत आली, आमच्यापर्यंत आली नाही. त्यामुळे मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाचा फोनदेखील आमच्याकडे ०२५२५ लावूनच यायचा, आणि त्याचे पैसे परगावच्या दराने पडायचे. देशात ग्राहकाने स्वतः नंबर फिरवून परगावी बोलण्याची सोय १९६० साली लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली आणि १९७६ साली मुंबईहून लंडनलाही तसे बोलता येऊ लागले. तरी सामान्य घराला ही सोय कळली ती एस. टी. डी. बूथ निघाल्यावर. रात्री उशिरा दर पाव व्हायचे, म्हणून जेवणे उरकून माणसे बूथबाहेर रांग लावायची. आत बोलणाऱ्याचे अर्धे लक्ष यंत्रावर पळणाऱ्या लाल आकड्यांकडे असे, हे मी लहानपणी पाहिले आहे. ख्यालीखुशाली पुरी होण्याआधीच ‘बरं, ठेवतो’ म्हणायची वेळ यायची.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट जनतेला खुले केले, आणि पैशाच्या या जाचातून सुटायची एक वाट दिसू लागली. आवाजाचे तुकडे करून ते इंटरनेटवरून धाडायचे आणि पलीकडे पुन्हा सांधायचे, म्हणजे अंतराचा हिशेबच उरत नाही. १ एप्रिल २००२ पासून सरकारने याला परवानगी दिली, पण अर्धी. आपल्या संगणकावरून वा त्याला जोडलेल्या यंत्रावरून परदेशातल्या फोनची घंटा वाजवता येईल. देशातल्या देशात मात्र इंटरनेटवरचा आवाज टेलिफोनच्या तारेत सोडता येणार नाही. परदेशातल्या मुलांनी आईबापांसाठी इंटरनेटवर चालणारी फोनची पेटी आणून दिली, तर ओटीवर दोन फोन शेजारी शेजारी बसत. एकावरून न्यू जर्सीची लेक बोले, दुसऱ्यावरून गल्लीतला डॉक्टर. मात्र या दोहोंची सोयरीक कायद्याला मंजूर नव्हती.

यात सरकारचा निव्वळ आडमुठेपणाच होता, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. खेड्यापाड्यांतली लँडलाईन तोट्यात चाले. तो तोटा भरून काढण्यासाठी २००३ पासून काही वर्षे परदेशी आणि परगावच्या बोलण्यावर वेगळा आकार घेतला जाई, आणि त्यातला मोठा वाटा भारत संचार निगमाला मिळे. म्हणजे अमेरिकेतला मुलगा महाग फोन करी, तेव्हा त्याच्या पैशाचा एक अंश आडगावच्या तारेलाही पोसत होता. स्वस्ताई आली तशी ती तार दुबळी होत गेली, हेही त्याच हिशेबातले आहे.

खरी सोय झाली ती पलीकडच्या टोकाला. २००३ साली स्काइप निघाले, आणि पुढच्याच वर्षी त्यावरून साध्या फोनला नंबर लावता येऊ लागला. २००९ साली व्होनेज या अमेरिकन कंपनीने भारतासह साठांहून अधिक देशांत बोलण्यासाठी महिन्याचा ठराविक आकार लावला. लेक संगणकासमोर बसे, आवाज इंटरनेटवरून समुद्र ओलांडी, परवान्याच्या दारातून देशात शिरे, आणि बोईसरला तोच जुना फोन त्याच जुन्या सुरात वाजे. आजीला काही शिकावे लागले नाही. ‘कोण, बेबी का गं?’ असे ती पूर्वीप्रमाणेच म्हणू शकली. लाल आकडे तेवढे गेले.

जुन्या तारेचा आणखी एक गुण आमच्या भागाला विशेष ठाऊक आहे. देशातले पहिले अणुवीज केंद्र तारापूरला १९६९ साली सुरू झाले. पण ती वीज मोठ्या जाळ्यात जाते, आणि भारनियमनाच्या वर्षांत दिव्याखाली अंधार ही म्हण आम्ही अक्षरशः भोगली. त्या अंधारात पंखा थांबे, दिवा विझे, पण फोन चालू राहायचा. कारण तांब्याच्या तारेतून येणारी अठ्ठेचाळीस व्होल्टची वीज टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून येते. एकट्या म्हाताऱ्या जोडप्याला हा केवढा धीर असे!

दोन जाळ्यांमधली भिंत पाडण्याची शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००८ सालीच केली होती. ती प्रत्यक्षात पडली २०१८ साली. मधल्या काळात, नोव्हेंबर २०१४ मध्ये, स्काइपने भारतातल्या भारतात फोन लावण्याची सोय बंद केली, आणि ५ मे २०२५ रोजी स्काइप स्वतःच बंद झाले. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी शून्य फिरवावे लागते. तरुणाला हा बदल वाटतही नाही. पण ज्याच्या बोटांनाच नंबर पाठ आहेत, त्याला मुलगा ‘अस्तित्वात नाही’ असे एक परका आवाज सांगतो, तेव्हा काय वाटत असेल?

आज काचतंतूची केबल घरात येते आणि तिच्या पेटीला साधा फोन जोडता येतो. इंटरनेट आणि लँडलाईन यांची सोयरीक अखेर एका पेटीत जुळली. पण ही पेटी घरच्या विजेवर चालते. वीज गेली की फोनही मुका. म्हणून आईबापांची तांब्याची तार काढताना मुलांनी पेटीसाठी छोटी बॅटरी बसवावी, नंबर जुनाच राहील असे पाहावे, आणि जवळचे नंबर शून्यासकट ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावावेत. आजवर ज्या सोयी म्हाताऱ्यांना मानवल्या, त्यांत नवे शिकण्याचे ओझे मुलांनी उचलले होते. मोबाईलवरच्या ॲपमध्ये नातवाचा चेहरा दिसतो, तो त्यांनी जरूर पाहावा. पण रात्री छातीत कळ आली तर १०८ लावण्यासाठी अंधारात हात जाईल तो ओटीवरच्या फोनकडेच. तो चालू आहे की नाही, हे या दिवाळीला घरी आल्यावर प्रत्येकाने रिसीव्हर उचलून पाहावे.