इब्लिस, सैतान आणि खवीस



स्मृतिव्याख्यानासाठी सैतानाचा विषय निवडावा, हे काहींना चमत्कारिक वाटले असेल. परंतु कानडी, दखनी आणि मराठी ज्या परिसरात शेजारी नांदतात, त्या कमठाण्यासारख्या गावी हा विषय परका नाही. हूड पोराला आपण सहज 'सैतान' म्हणतो. मराठी बायबलानेही हाच शब्द स्वीकारला. त्याआधी, १६१६ च्या 'क्रिस्तपुराणा'त, फादर स्टीफन्स यांनी मात्र त्यासाठी 'देवचार' योजला होता.

शब्दांपासून आरंभ करतो. भाषेच्या अध्यापकाची ती खोडच आहे. आपल्या लोकसमजुतीत भुतांनाही जात असते. मुंज झालेला पण सोडमुंजीपूर्वी वारलेला ब्राह्मण मुलगा तो मुंजा. आणि मुसलमानाचे भूत ते खवीस किंवा जिंद. यांपैकी 'खवीस' म्हणजे अरबी 'खबीस', अर्थात अमंगळ, दुष्ट. श्रद्धाळू मुसलमान शौचकूपात पाऊल ठेवण्यापूर्वी जी प्रार्थना म्हणतो, तीत तो याच धातूच्या शब्दांनी ओळखल्या जाणाऱ्या दुष्ट शक्तींपासून संरक्षण मागत असतो. ज्याच्या भयाने तो ईश्वराला शरण जातो, तेच मराठीत त्याचे भूत ठरले! 'जिंद'ची कथाही तशीच. कुराणातील जिन्न हा मृताचा आत्मा नव्हे. तो अग्नीपासून निर्मिलेला वेगळा जीव आहे, आणि जिन्नांत सश्रद्धही असतात.

आता मूळ कथेकडे वळू. इब्लिसचे नाव कुराणात अकरा वेळा येते. ईश्वराने मातीपासून आदम घडविला आणि देवदूतांना त्याच्यापुढे नमण्याची आज्ञा केली. सारे नमले; इब्लिस ताठ उभा राहिला. त्याचा युक्तिवाद असा, की आपण अग्नीतून जन्मलो, हा मातीतून. तेव्हा श्रेष्ठ आपण. कथेचे मर्म अनेकजण अवज्ञेत पाहतात. मला ते या युक्तिवादात दिसते. आज्ञा मोडणारे पुष्कळ. जन्माचा दाखला पुढे करून ती मोडणारा हा पहिला. आणि त्याच्याच नात्यागोत्यातील शब्द घेऊन आपण भुतांची जातवारी लावली, हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

सूफींनी या कथेचा फार निराळा विचार केला. बगदादमध्ये ९२२ साली देहदंड झालेला हल्लाज आणि हमदानमध्ये ११३१ साली मारला गेलेला ऐनुल्कुजात यांना इब्लिसमध्ये ईश्वरावाचून कोणापुढेही न वाकणारा प्रेमिक दिसला. हा विचार आपल्यापासून दूर राहिला असे समजू नये. ऐनुल्कुजातच्या 'तम्हीदात' या ग्रंथावर फार्सी भाष्य लिहिणारे ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज १४२२ साली गुलबर्ग्यातच पैगंबरवासी झाले. रूमीच्या 'मसनवी'त तर इब्लिस मुआवियाला पहाटेच्या नमाजासाठी जागे करतो. कारण? नमाज चुकला तर याच्या तोंडून जो पश्चात्तापाचा उसासा निघेल, त्याचे मोल नमाजाहून अधिक ठरेल, ही त्याला धास्ती! मराठीत श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये 'योगसंग्राम' पूर्ण केला. त्यातही युद्ध आहे ते अहंकारादी अंतःशत्रूंशी.

मग अंगात शिरणाऱ्या सैतानाचे काय? झपाटणे खरे मानणारे उलेमा आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरीही कुराणाच्या चौदाव्या सूरेत निवाड्याच्या दिवशी सैतान स्वतःच कबुली देतो, की माणसावर माझी सत्ता नव्हती, मी केवळ हाक दिली. शेवटच्या सूरेत तो कुजबुजणारा आहे. या कुजबुजीला उर्दूत 'वसवसा' म्हणतात. तिच्यावर उपाय म्हणून मारझोड कोणी सांगितलेली नाही.

रमजानात सैतानांना साखळदंड घातले जातात, अशी हदीस आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका खाजगी निवासात मनोरुग्णांनाच साखळ्या होत्या. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तेथे आग लागली. पळता न आल्याने २८ जण दगावले. भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारा छळ महाराष्ट्राने २०१३ च्या आणि कर्नाटकाने २०१७ च्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे. कर्नाटकाचा कायदा अमलात आला तो २०२० साली.