मोबाइल इंटरनेट : वेग आणि पल्ला

मोबाइल दूरसंचाराच्या प्रत्येक नव्या पिढीची ओळख तिच्या वेगावरून करून दिली जाते. मात्र ग्राहकापर्यंत सेवा पोहोचते की नाही, हे लहरींच्या पल्ल्यावर अवलंबून असते. वेग आणि पल्ला यांचा मेळ घालणे हा या तंत्रज्ञानापुढील मूळ प्रश्न आहे.

भारतातील वाटचाल : ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी तत्कालीन केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले आणि देशात या सेवेचा प्रारंभ झाला. थ्री-जी सेवा डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत, तर फोर-जी एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात सुरू झाली. फाइव्ह-जी सेवेचे उद्घाटन १ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले.

लहरींचे गणित : फाइव्ह-जीसाठी २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ, ३.३ गिगाहर्ट्झ आणि २६ गिगाहर्ट्झ हे पट्टे महत्त्वाचे ठरले. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर असते. ती दूरवर जाते, भिंतीही बऱ्यापैकी भेदते. परंतु या पट्ट्यात जागा कमी असल्याने वेगाला मर्यादा पडते. २६ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम १२ मिलिमीटरची. तेथे जागा विपुल असल्याने वेग प्रचंड मिळतो, पण भिंत किंवा झाडाची पानेही तिला अडवतात. त्यामुळे दाट वस्तीच्या शहरात जवळजवळ मनोरे उभारणे परवडते. सह्याद्रीच्या किंवा सातपुड्याच्या दऱ्यांत विखुरलेल्या वाड्या-पाड्यांसाठी ते परवडत नाही.

उपग्रहाचा पर्याय : भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने संदेश वर जाऊन खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. काहीशे किलोमीटर उंचीवरील उपग्रहांमुळे हा विलंब नगण्य होतो. मात्र ते सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर वेगाने धावत असल्याने लहरींच्या वारंवारतेत पडणारा फरक सतत दुरुस्त करावा लागतो आणि एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे जोडणी सोपवावी लागते. नेहमीचा मोबाइल थेट उपग्रहाशी जोडणारी व्यावसायिक सेवा अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये सुरू झाली. अशा सेवेसाठी डोक्यावर मोकळे आकाश असावे लागते. शिवाय एकाच उपग्रहाची क्षमता विस्तीर्ण प्रदेशातील ग्राहकांत वाटली जाते. त्यामुळे ही सेवा मनोऱ्यांची जागा घेणारी नसून त्यांना पूरक ठरणारी आहे.

पुढील पिढी : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सिक्स-जीची चौकट मान्य केली. तिच्यातील सहा उपयोगांमध्ये सर्वदूर जोडणीचा स्वतंत्र उल्लेख आहे. केवळ वेग वाढवून भागणार नाही, याचीच ही कबुली म्हणावी लागेल.

शहरात चित्रपट काही सेकंदांत उतरवून घेता येणे ही सोय आहे. पण दरीतल्या पाड्यावरून रुग्णवाहिकेला हाक देता येणे ही गरज आहे. साधा टू-जी फोन वापरणारे ग्राहक देशात आजही आहेत. जुनी जाळी बंद करण्याचा विचार करताना त्यांच्या हाती पर्याय आला आहे का, हे आधी पाहावे लागेल. नव्या तंत्रज्ञानाचे मोल या कसोटीवरच ठरणार आहे.