सुटल्यानंतरचा पहारा



अफूचें व्यसन सोडणें निराळें आणि सुटलेलें राहणें निराळें. पहिलें काम थोड्या आठवड्यांचें. दुसरें पुष्कळदां आयुष्यभराचें. या दुसऱ्या कामाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

१९३५ सालीं अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत, लेक्सिंग्टन येथें, सरकारनें व्यसनग्रस्तांसाठीं एक मोठें इस्पितळ उघडलें. अर्धा तुरुंग, अर्धें शेत असें त्याचें स्वरूप. मोकळी हवा, श्रम व शिस्त यांनीं रोगी सुधारतील, अशी अपेक्षा होती. ते सुधारूनही जात. पण घरीं परतल्यावर बहुतेकजण पुन्हां मॉर्फिन किंवा हेरॉइन घेऊं लागत. लोक म्हणत, ‘मनच दुबळें!’

तेथील डॉक्टर अब्राहम विक्लर यांना हें उत्तर पुरेसें वाटलें नाहीं. महिनोन्‌महिने विषाला न शिवलेला मनुष्य जुन्या गल्लींत पाऊल टाकतो आणि त्याचें नाक वाहूं लागतें, डोळ्यांना पाणी येतें, जीव कासावीस होतो. अन्नाची खूण दिसतांच पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला लाळ सुटे, त्यांतलाच हा प्रकार, असें विक्लर यांनीं १९४८ सालीं मांडलें. मनुष्य विसरला तरी शरीर विसरत नाहीं.

मग ही सांखळी तोडावी कशी? दोन वाटा निघाल्या. डॉ. डोल व डॉ. निस्वांडर यांनीं न्यूयॉर्कमध्यें मेथाडोन हें दीर्घकाळ टिकणारें औषध रोज देऊन ओढ शमविली. त्यांचा निबंध १९६५ चा. दुसरी वाट नालट्रेक्सोनची. हें औषध १९६३ सालीं तयार झालें. कुलुपांत बसणारी, पण न फिरणारी किल्ली जशी, तसें तें मेंदूंत जागा अडवून धरतें; मागून आलेल्या हेरॉइनला दार उघडत नाहीं. १९७३ सालीं लेक्सिंग्टनच्याच डॉ. मार्टिन यांनीं व सहकाऱ्यांनीं त्याचा हा गुण दाखविला आणि १९८४ सालीं अमेरिकेंत त्यास मान्यता मिळाली.

परंतु पहारेकरी रोज हजर हवा. पुष्कळांनीं गोळी मध्येंच सोडली. म्हणून महिन्यांतून एकदां टोंचावयाचें रूप निघालें, त्यास या कामीं २०१० सालीं मान्यता मिळाली. येथें एक धोका आहे. व्यसन सुटलें कीं शरीराची सहनशक्तिही जाते. मग जुनी मात्रा प्राणघातक ठरूं शकते. म्हणून उपचार केव्हां व कसा थांबवावा, हें वैद्यानेंच ठरवावें.

परीक्षेंत एकदां नापास झालेल्या मुलास आपण शाळेबाहेर काढीत नाहीं. घसरलेल्या रोग्यासही घराचें दार बंद करूं नये, एवढें या इतिहासापासून शिकलों तरी पुष्कळ झालें.