पांजरपोळाची पूर्वपीठिका

बेंदराच्या दिवशी आपण बैलांची शिंगे रंगवितो, त्यांस ओवाळतो व पुरणपोळीचा घास भरवितो. ही कृतज्ञता राबणाऱ्या बैलाविषयीची होय. तोच बैल म्हातारा होऊन जू घेईनासा झाला म्हणजे त्याचे काय करावयाचे, या प्रश्नातून पांजरपोळ ही संस्था उदयास आली. कोल्हापुरात हे नाव आता कारखान्यांच्या वसाहतीमुळेच अधिक ऐकू येते. म्हणून तिचा पूर्वेतिहास ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडीत आहोत.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने मनुष्यांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची सोय केल्याचे गिरनारच्या शिलालेखात नमूद आहे. पुढे गुजरातेतील जैन व वैष्णव व्यापाऱ्यांनी पांगळ्या, आजारी व वृद्ध जनावरांसाठी पांजरपोळ चालविले. व्यापारी आपल्या मालावर स्वेच्छेने लाग बसवीत व त्यातून चाऱ्याचा खर्च भागे.

मुंबईस ही प्रथा रुजली ती कुत्र्यांच्या निमित्ताने. १८३२ च्या जून महिन्यात सरकारी हुकुमाने भटकी कुत्री मारली जात असता पारशी समाज खवळला, कारण त्या धर्मात कुत्रा पवित्र मानितात. दंगा झाला, दुकाने बंद पडली. दंगा शमला तरी मोकाट जनावरांचा प्रश्न उरलाच. तेव्हा १८३४ साली जमशेटजी जीजीभॉय प्रभृती पारशी, जैन व हिंदू व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन मुंबईचा पांजरपोळ स्थापिला.

विलायतेत १८२४ साली लंडन येथे प्राणिरक्षक मंडळी निघाली. तिचा भर कायद्यावर व क्रूर मालकास दंड करविण्यावर होता. तशी मंडळी मुंबईत १८७४ साली स्थापन झाली आणि १८८६ साली परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. दंडाने चाबूक थांबतो, औषधाने व्याधी बरी होते. परंतु निरुपयोगी ठरलेल्या जनावरास रोजचा चारा लागतो, आणि तो पांजरपोळाने दिला.

हा विषय आपल्या दारचाच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या महापुराने प्रयाग चिखली, आंबेवाडी आदी गावे वेढली, तेव्हा दावणीची जनावरे कोठे न्यावी हा घरोघरी प्रश्न पडला. उंचावरील जागा व चाऱ्याची गंजी पावसाळ्यापूर्वीच सिद्ध असली पाहिजे. प्रत्येक कुटुंबाने सुगीनंतर थोडा कडबा वा भाताचे पिंजर यासाठी बाजूस काढावे, अशी आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे.